पहिले बी कुणी पेरले?



मागल्या महिन्यात कळंब तालुक्यातल्या एका माउलीचे पत्र आले. वहीचा कागद फाडून, दोन्ही बाजूंनी भरून लिहिलेले. त्यातला मजकूर असा : "दादा, औंदा सोयाबीन दोनदा पेरलं. पहिलं उगवून आलं, पण पावसानं ताण दिला अन् करपलं. दुसऱ्या बियाला उसनवारी केली. बियाची पिशवी फोडताना धाकटा विचारतो, आई, दुकान नव्हतं तवा पहिलं बी कुठनं आणलं? मी म्हनलं, देवानं दिलं. तर म्हणतो, देवानं कुणाच्या हातात दिलं? मला काही सांगता येईना. तुम्हीच सांगा."

मंडळी, लेकराने विचारला तो प्रश्न मोठमोठ्या विद्वानांना शे-दीडशे वर्षे पडलेला आहे. त्यासाठी देशोदेशी टेकाडे उकरली, जळके दाणे भिंगाखाली धरले, मेलेल्या माणसांचे दात मोजले. आणि या शोधातले एक मोठे पान आपल्या महाराष्ट्रातच, घोड नदीच्या काठी सापडले आहे. तेव्हा आज कीड-रोग, खत-पाणी बाजूला ठेवू आणि त्या लेकराला उत्तर देऊ.

आधी एक हिशेब करा. आपल्यासारखा माणूस या पृथ्वीवर सुमारे तीन लाख वर्षांपासून आहे. ही तीन लाख वर्षे म्हणजे तीस दिवसांचा एक महिना धरा. एक दिवस म्हणजे दहा हजार वर्षे. तर या महिन्यातले पहिले एकोणतीस दिवस माणसाने एक दाणाही पेरला नाही. नांगर नाही, बैल नाही, कणगी नाही. शेती आली ती अगदी शेवटच्या दिवशी, आणि आपल्या महाराष्ट्रात आली तीही त्या दिवसाच्या तिसऱ्या प्रहरी. आपण म्हणतो, शेती बापजाद्यांपासून चालत आली. खरे आहे. पण बापजाद्यांचे बापजादे रानावरच जगत होते.

मग ते अडाणी होते काय? मुळीच नाही. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे नावाचे गाव आहे. तिथे १९७२–७३ मध्ये उत्खनन झाले, तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, आणि रेघांची नक्षी कोरलेला एक तुकडाही. वय सुमारे पंचवीस हजार वर्षे. म्हणजे त्या काळी आपल्या मुलखात शहामृग फिरत होते, आणि माणूस त्यांच्या अंड्याच्या टरफलांचे मणी ओवीत होता. पोटाची भ्रांत चोवीस तास असती तर मणी घासत कोण बसले असते?

रान ओरबाडून खाणे हे सोपे काम नव्हे, त्याला विद्या लागते. ती विद्या अजून आपल्या घरात आहे. मृगाचा पाऊस पडून गेला की आपली आजी बांधावर जाते आणि ओच्यात तरोटा, कुर्डू, तांदुळजा, घोळ, पाथरी घेऊन येते. कोणते पान कोवळे असतानाच खावे, कोणते दोन पाणी काढून शिजवावे, कर्टुल्याचा वेल कोणत्या कुपाटीला सापडतो, हे तिला तोंडपाठ असते. ही त्या एकोणतीस दिवसांची विद्या आहे. ती पुस्तकात नव्हती, मायलेकींच्या हाती होती. म्हणून पुष्कळ अभ्यासकांना असे वाटते की पहिले बी पेरणारा हात बाईचाच असावा. तसा पुरावा मातीत उमटत नाही, पण रानातले बी वेचणारी, पाखडणारी, दळणारी आणि उकिरड्यावर उगवलेले रोप ओळखणारी तीच होती, हे ध्यानात घेतले तर गोष्ट पटते.

मडके आधी की शेती आधी?

आता थोडे लांब, जपानात जाऊ. याचे कारण तुमच्या शेतातच उभे आहे, ते पुढे सांगतो.

आपली समजूत अशी, की आधी शेती आली, मग धान्य साठवायला मडकी आली, मग घर-गाव झाले. जपानने ही समजूत खोटी ठरवली. तिथे सुमारे सोळा हजार वर्षांपूर्वीच लोक मडकी भाजत होते. ओल्या मडक्यावर दोरी फिरवून नक्षी काढायचे, म्हणून त्या लोकांना आणि त्या काळाला ‘जोमोन’ म्हणतात, म्हणजे दोरीची खूण. १८७७ मध्ये एडवर्ड मोर्स नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने तोक्योजवळ ओमोरी येथे शिंपल्यांचा जुना ढीग खणला, तेव्हा ही मडकी जगापुढे आली. हे लोक भात पेरीत नव्हते. मासे, शिंपले, हरणे, रानडुकरे, अक्रोड, ओकाची फळे आणि चेस्टनट नावाची काटेरी टरफलाची फळे यांवर ते हजारो वर्षे जगले. ओकाची फळे कडू. ती भिजवून, शिजवून कडवटपणा काढायचा, म्हणून मडके पाहिजे. म्हणजे मडके जन्माला आले ते धान्य साठवायला नव्हे, रानमेवा शिजवायला!

उत्तर जपानात सान्नाई-मारुयामा येथे त्यांचे मोठे गाव सापडले आहे. सुमारे ५,९०० ते ४,२०० वर्षांपूर्वी तिथे वस्ती होती. चेस्टनटचे मीटरभर जाडीचे खांब त्यांनी उभे केले होते. गावाभोवतीची ही झाडे ते राखीत होते, बहुधा लावीतही होते. आपण आंब्याची आमराई राखतो तसे. २०२१ मध्ये अशा जोमोन गावांना जागतिक वारशाचा मान मिळाला.

आणि आता तुमच्या शेतातली गोष्ट. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या या जोमोन मडक्यांच्या मातीत दाण्यांचे ठसे उमटलेले दिसले. अभ्यासकांनी ते ठसे मोजले. काय निघाले? सोयाबीन! आणि रानटी सोयाबीनपेक्षा चांगले मोठे दाणे. म्हणजे शेतकरी म्हणवून न घेता हे लोक सोयाबीन राखीत आणि निवडून वाढवीत होते. चीन, कोरिया, जपान हा त्या पिकाचा मुलूख. आज धाराशिव जिल्ह्यात खरिपाला जिकडे पाहावे तिकडे सोयाबीनच दिसते. कळंबच्या त्या लेकराच्या हातातले बी तिकडचे पाहुणे आहे, हे त्याला सांगा.

जपानात खरी भातशेती आली ती मागाहून, सुमारे २,८०० ते ३,००० वर्षांपूर्वी, कोरियाकडून समुद्र ओलांडून. १९४३ मध्ये शिझुओका शहराजवळ तोरो येथे कारखान्यासाठी जमीन खणताना अशी जुनी भातखाचरे सापडली. लाकडी फळ्या ठोकून धरलेले बांध आणि खांबांवर उभारलेली धान्याची कोठारे. खांबांना वर आडवी फळी बसवायचे, उंदराला वर चढता येऊ नये म्हणून! शेतकऱ्याची आणि उंदराची भांडणे किती जुनी, ते बघा.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. भात आला म्हणून सगळ्या जपानने रातोरात नांगर धरला नाही. उत्तरेकडच्या लोकांनी पुढे कितीतरी शतके शिकार आणि मासेमारीच केली. कारण शेतीत कष्ट फार, आणि भरवसा आभाळाचा. हे तुम्हाला मी काय सांगावे!

बी माणसाळते कसे?

रानातले गवत आणि शेतातले पीक यांत फरक काय? तिळाकडे बघा. तिळाची बोंडे वाळली की तोंड उघडतात आणि दाणे भुईवर सांडतात. म्हणून आपण तीळ थोडा हिरवा असतानाच कापतो, पेंढ्या उभ्या करतो, आणि मग उलट्या करून चादरीवर झटकतो. मुगाच्या शेंगा तोडायला दोन दिवस उशीर झाला की उन्हात तडतड फुटतात. हा त्यांचा मूळचा रानटी स्वभाव. रानात झाडाला आपला वंश पसरायचा असतो, म्हणून पिकले की सांडायचे, हाच त्याचा धर्म.

आता समजा, एखादी बाई रानमुगाच्या शेंगा वेचायला गेली. फुटलेल्या शेंगांतले दाणे मातीत गेले, ते तिला मिळाले नाहीत. न फुटलेल्या शेंगा तेवढ्या तिच्या ओटीत आल्या. त्यांतल्या मूठभर तिने झोपडीजवळ टाकल्या. पुढल्या साली तिथे जी रोपे आली, त्यांत न फुटणाऱ्या शेंगांची रोपे थोडी जास्त. पुन्हा त्यांतूनच वेचणी, पुन्हा पेरणी. असे शेकडो, हजारो वर्षे चालले. कुणी ठरवून केले नाही. पण शेवटी असे पीक तयार झाले, जे माणसाची वाट बघत उभे राहते. माणसाने कापल्याशिवाय ते सांडत नाही, आणि माणसाने पेरल्याशिवाय ते नीट उगवत नाही. झाडाला माणसाची गरज, माणसाला झाडाची. दोघेही एकमेकांच्या दावणीला बांधले गेले.

आपल्या मुलखात दोन वाटांनी

आपल्या दख्खनच्या पठारावर पिके दोन वाटांनी आली, असे सांगता येते.

एक वाट उत्तरेची. गहू, सातू म्हणजे जव, मसूर, वाटाणा, हरभरा ही पश्चिम आशियातली पिके. आजच्या तुर्कस्तान-सीरियाकडे दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी ती माणसाळली. बलुचिस्तानातल्या मेहेरगढला सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी सातूची शेती होती. तिथून सिंधू नदीकाठ, मग राजस्थान, माळवा, आणि चार हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास तापी ओलांडून महाराष्ट्र.

दुसरी वाट दक्षिणेची, आणि ती तर तुमच्या अंगणातून जाते. उमरग्याच्या पलीकडे कर्नाटक लागते. कलबुर्गी, रायचूर, बळ्ळारी या भागात राखेची मोठमोठी टेकाडे आहेत. लोक म्हणायचे, राक्षस जाळले त्यांची ही राख. १९५७ मध्ये रेमंड ऑल्चिन या इंग्रज संशोधकाने तेलंगणातल्या उत्नूरला असे टेकाड खणले आणि दाखवून दिले की, ही जनावरांच्या वाड्यातल्या शेणाची राख आहे. लोक गुरांचे कळप राखायचे, शेणाचे ढीग साचायचे, ते पुन्हा पुन्हा पेटवले जायचे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी पुढे बुदिहाळ येथे अशाच टेकाडाचा बारकाईने अभ्यास केला. या गुराखी लोकांनी चार हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास मूग, कुळीथ आणि राळ्यासारखी बारीक तृणधान्ये पेरायला घेतली होती. ही पिके कुणाकडून उसनी आणलेली नाहीत. ती आपल्या देशातच माणसाळली. तूरही आपलीच, ओडिशा-बस्तरकडची.

आणि आपली ज्वारी? तुम्हाला नवल वाटेल, ती आफ्रिकेची. सुदानच्या पूर्वेकडे पाच हजार वर्षांपूर्वी ती पेरली जात होती. बाजरीही आफ्रिकेची, सहाराच्या दक्षिण काठची. दोघीही समुद्रामार्गे इकडे आल्या आणि अशा रुळल्या की आता भाकरीशिवाय घास उतरत नाही. माहेर कुठले का असेना, नांदली कुठे ते महत्त्वाचे.

इनामगावची पांढरी

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ पर्यंत सालोसाल उत्खनन केले, आणि १९८८ मध्ये त्याचा जाडजूड अहवाल निघाला. एवढ्या सबुरीने खणलेले शेतकऱ्यांचे जुने गाव आपल्या देशात विरळाच.

गाव वसले सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी आणि उठले सुमारे २,७०० वर्षांपूर्वी. नऊशे वर्षांत तिथे लागोपाठ बांधलेली सव्वाशेहून अधिक घरे सापडली. घरे कशी? चौकोनी, कुडाच्या भिंती, वर गवताचे छप्पर, जमीन चोपून सारवलेली. घरात चूल. धान्य ठेवायला जमिनीत पेव, आत चुना लावलेले. कणगी ठेवायला मातीचे गोल ओटे. रांजण टेकवायला चार सपाट दगड. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे आपलेच घर कुणी वर्णन करून सांगावे, तसे वाटते की नाही?

शेतात मुख्य पीक सातू. जोडीला गहू, मसूर, कुळीथ, लाख, वाटाणा. जळून कोळसा झालेले दाणे हजारो वर्षे मातीत टिकतात, त्यावरून हे कळले. कापणीचा विळा लोखंडाचा नव्हता, कारण लोखंड अजून माहीत नव्हते. तांबे होते, पण थोडे आणि महाग. मग गारगोटीच्या दगडाची पातळ पाती काढायची आणि लाकडाच्या खाचेत ओळीने बसवायची, हाच विळा. आपल्या माळावर पांढऱ्या-तांबड्या गारा पडलेल्या असतात ना, त्याच जातीचा दगड. रानातली बोरे, जांभळे ते खात होतेच. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या होत्या, आणि हरणाची शिकारही होती. शेती आली म्हणून रान सुटले नव्हते.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाणी. गावाजवळ त्यांनी दगडमातीचा सुमारे २४० मीटर लांबीचा बांध घातला होता, आणि नदीचे पुराचे पाणी वळवायला सुमारे २०० मीटर लांब आणि चार मीटर रुंद चर खणला होता. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, पहार-फावडे लोखंडाचे नसताना! हे एकट्या-दुकट्याचे काम नव्हे. कुणीतरी चार माणसांना गोळा केले असेल, कामाची वाटणी केली असेल, भांडणे मिटवली असतील. त्या गावात पाच खोल्यांचे एक मोठे घर निघाले आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार. ढवळीकरांनी त्यावरून असा अंदाज बांधला की ते गावच्या मुख्याचे घर, आणि कोठारात गावाचे धान्य जमा होत असावे. म्हणजे शेतीबरोबर बांध आला, कोठार आले, आणि कोठारापाठोपाठ पाटीलही आला!

शेतीने काय घेतले?

पण मंडळी, गोडच सांगितले तर ते खोटे होईल. इनामगावला दोनशेहून अधिक दफने सापडली, आणि त्यांत बहुसंख्य लहान मुलांची. तान्ह्या लेकराला दोन मडक्यांत ठेवायचे, मडक्यांची तोंडे एकमेकांना भिडवायची आणि घराच्या भुईखालीच आडवे पुरायचे. दूर नाही, जिथे आई चूल पेटवते त्याच भुईखाली. मोठ्या माणसांना पुरताना पाय घोट्याखाली तोडलेले आढळले. गेलेल्याने घर सोडून जाऊ नये, असा भाव असेल असे काही अभ्यासक म्हणतात. त्या आईने ते मडके पुरताना काय म्हटले असेल ते मातीत उरलेले नाही. पण आपल्याकडे आजही तान्ह्या लेकराला अग्नी देत नाहीत, मातीतच ठेवतात. ही रीत कुठवर मागे जाते कोण जाणे, पण दुःख ओळखीचे आहे.

डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन लुकाक्स यांनी या मुलांच्या दातांचा अभ्यास केला. लेकराच्या वाढत्या वयात उपासमार झाली किंवा मोठे दुखणे आले, की दाताच्या वरच्या मुलाम्यात खोट राहते. ती पुढे कधी पुसत नाही. दात म्हणजे लहानपणीच्या सुगी-दुष्काळाची वहीच. जगभर जिथे जिथे रान सोडून माणूस शेतीवर आला, तिथे पुष्कळ ठिकाणी असे दिसते की दात किडू लागले आणि रोगराई वाढली. कारण एकाच जागी दाटीने राहणे, आणि पाच-पन्नास जातींच्या रानमेव्याऐवजी एक-दोन धान्यांवर पोट भरणे. मग लोकांनी शेती सोडली का नाही? कारण शेतीने पोटे जास्त भरली. माणसे वाढली, आणि एवढ्या माणसांना रान पुरेना. परतीची वाट बुजली.

तरी इनामगावच्या लोकांनी एकदा मागे वळून पाहिले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी त्यांचे दिवस फिरले. प्रवरा-गोदावरीकाठची नेवासे, दायमाबाद अशी मोठी गावे उठून गेली. इनामगाव राहिले, पण चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. मडकी ओबडधोबड झाली. गुरे कमी झाली, शेळ्या-मेंढ्या आणि शिकार वाढली. ढवळीकरांचे म्हणणे असे की पाऊसमान घटले आणि शेती कोसळली. सगळ्या अभ्यासकांचे त्यावर एकमत नाही. जमिनीवरचा ताण, गुरांबरोबर फिरण्याची रीत, अशीही कारणे कुणी सांगतात. पण लोक पुन्हा रानाकडे आणि मेंढरांकडे वळले, एवढे खरे. गंमत पाहा, इकडे हे चालले असताना साधारण त्याच शतकांत तिकडे जपानात पहिली भातखाचरे बांधली जात होती. एका ठिकाणी दिवा मालवत होता, दुसरीकडे लागत होता.

हे वाचताना मला १९७२ आठवते. आम्ही तेव्हा लहान. विहिरीचा तळ दिसला, कडबा संपला, मोठी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना आई गप्प असायची. पण आजी आम्हाला घेऊन माळावर जायची. तिने तिच्या आजीकडून ऐकले होते की, मोठ्या दुष्काळात लोक बरबड्याचे बी गोळा करून दळीत, उंबरे खात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या इनामगावच्या बाईने तेच केले असेल. शेती बुडाली की माणसाला जगवते ते रान, आणि रान ओळखणारी म्हातारी.

तेरची माती

आता आपल्या जिल्ह्यात या. तेर म्हणजे गोरोबाकाकांचे गाव. पण त्याच्याही आधी, दोन हजार वर्षांपूर्वी, हे ‘तगर’ नावाचे मोठे व्यापारी नगर होते. एका ग्रीक खलाशाने पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे, आणि तिथून गाड्या भरून कापड भडोच बंदराकडे जाते. हे नगर उभे राहिले ते कशावर? तेरणेच्या काठच्या काळ्या रानावर. शेतकऱ्याने खाऊन उरेल इतके पिकवले, तेव्हा विणकर विणू शकला आणि व्यापारी परदेशी जाऊ शकला. तेरच्या उत्खननात जळके धान्य सापडले, आणि लखनौच्या शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये त्यावर लेखही लिहिला.

तेरच्या पांढरीत पावसाळ्यानंतर मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या उघड्या पडायच्या. गावचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वेचल्या, जपल्या. आज त्यांच्याच नावाने तेरला सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. पोरांना एकदा घेऊन जा. एस.टी.चे तिकीट वाया जाणार नाही.

पांढरी म्हणजे काय, हे तरी आपल्याइतके कुणाला माहीत? पिढ्यान् पिढ्या माणसे राहिली, चुलीची राख पडली, भिंती पडल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. त्या सगळ्याची मिळून जी पांढुरकी माती होते, ती पांढरी. आपण ती माळवदावर टाकायला आणतो, शेतात खत म्हणून टाकतो. पण उत्खनन करणारा माणूस नवीन गाव शोधताना आधी हीच माती बघतो. इनामगाव सापडले ते असेच. म्हणून एक विनंती. जेसीबी लावून पांढरीचे टेकाड उपसण्याआधी जरा थांबा. त्यात मडक्याचे रंगीत तुकडे, मणी, जुने नाणे, हाड निघाले, तर फोडू नका, विकू नका. तलाठ्याला, तहसीलला, नाहीतर तेरच्या संग्रहालयात कळवा. कुणाच्या तरी लेकराच्या प्रश्नाचे उत्तर त्यात असेल.

तर त्या लेकराला सांगा

माउली, तुमच्या धाकट्याला असे सांगा : बाळा, पहिले बी दुकानातून आले नाही. ते रानातून आले. देवाने ते एका हातात दिले नाही, हजार हातांत दिले. कुणी तुर्कस्तानात, कुणी सुदानात, कुणी जपानात, कुणी आपल्या कर्नाटक-महाराष्ट्रात. त्या हातांनी खाताना थोडे राखून ठेवले. दिवस उपासाचे असतानासुद्धा बियाचे मडके फोडले नाही. ज्या दिवशी माणसाने भूक असताना मूठभर दाणे बाजूला ठेवले, त्याच दिवशी शेती जन्माला आली.

आणि तुम्हाला म्हणून सांगतो. इनामगावच्या लोकांनी एकाच पिकावर भरवसा ठेवला नव्हता. सातू होता, डाळी होत्या, गुरे होती, रान होते. म्हणून पाऊसमान फिरल्यावरही ते आणखी तीनशे वर्षे तिथे टिकले. आपण मात्र बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन पेरतो आणि आभाळाकडे बघत बसतो. सोयाबीन सोडा असे मी म्हणत नाही. नगद पैसा त्यातच मिळतो, हे मलाही कळते. पण चार तासांआड तुरीचे एक तास, कडेला मूग-उडीद, रब्बीला घरच्यापुरती ज्वारी, बांधावर एखादे बोर-जांभूळ, एवढे जमते का बघा. सोयाबीनचे बीही दरसाल पिशवीतूनच घ्यावे लागते असे नाही. सरळ वाणाचे चांगले पीक निवडून, हळू हाताने मळणी करून, सावलीत नीट ठेवून, पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात घालून उगवण तपासा. सत्तर उगवले तर बी बिनधास्त पेरा. उसनवारी तेवढी टळेल.

येळवस आली की तुम्ही शेतात कडब्याची कोप कराल आणि भज्जीचे पातेले चढवाल. त्या दिवशी पोरांना पातेल्यापाशी बसवा. हरभरा-वाटाणा तुर्कस्तानाकडचा, तूर बस्तरकडची, चिंच आफ्रिकेची, भुईमूग थेट दक्षिण अमेरिकेचा, मिरची मेक्सिकोकडची, बोरे आपल्या माळावरची. एका पातेल्यात सारी पृथ्वी शिजते आहे, हे त्यांना दाखवा. आणि ती गोल कोप बघून इनामगावच्या शेवटच्या झोपड्या आठवा. वाईट दिवसांतही त्या माणसांनी चूल विझू दिली नाही.

पत्र लिहिणाऱ्या माउलीच्या दुसऱ्या पेरणीला पाऊस वेळेवर येवो, एवढीच प्रार्थना. आणि धाकट्याला आमचा रामराम. असेच प्रश्न विचारत राहा म्हणावे.

पुढल्या अंकी भेटूच.